केपटाउनचा ‘फॅमिली डे’ आणि कोकणातलं कुटुंब

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी सुट्ट्यांच्या यादीत ‘फॅमिली डे’ नावाची एक सुट्टी आहे. ईस्टरच्या रविवारनंतर येणारा सोमवार. पूर्वी तिला ईस्टर मंडेच म्हणत. १९८० मध्ये नाव बदललं आणि लोकशाही आल्यावर १९९४ साली सुट्ट्यांचा नवा कायदा झाला, त्यातही हेच नाव राहिलं. गुड फ्रायडेपासून या सोमवारपर्यंत सलग चार दिवस सुट्टी. गाडीत तंबू, भांडी, मुलं कोंबून लोक नातेवाइकांकडे नाहीतर समुद्राकडे निघतात.

ज्या देशाने एका दिवसाला कुटुंबाचं नाव दिलं, त्याच देशाच्या कायद्यांनी साधारण ८० वर्षं हिंदी लोकांच्या बाबतीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला : तुमच्या कुटुंबात नक्की कोण कोण? बायको कोण, मुलगा कोण, आणि हे आम्ही का मानायचं? या प्रश्नाचा फटका रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या अनेक मुस्लिम घरांना बसला. त्यातलंच एक आमचं, खेड तालुक्यातलं. २०१८ च्या ईस्टरला मी केपटाउनच्या नातेवाइकांकडे चार दिवस राहून आले. तिथे पाहिलं ते आणि आधी-नंतर वाचलं ते एकत्र मांडावं म्हणून हा लेख.

गिरमिटियांपेक्षा वेगळी वाट

दक्षिण आफ्रिकेतले भारतीय म्हटलं की आपल्याला नाताळचे ऊसमळे आणि गिरमिटिया मजूर आठवतात. त्यांचं पहिलं जहाज ‘ट्रुरो’ मद्रासहून निघून १६ नोव्हेंबर १८६० रोजी डर्बनला लागलं. कोकणी माणूस त्या जहाजांतून गेला नाही. तो स्वतःचं तिकीट काढून गेला. इतिहासात अशांना ‘पॅसेंजर इंडियन’ म्हणतात. या शब्दामुळे डोळ्यांसमोर पैसेवाला व्यापारी उभा राहतो. पण केपटाउनच्या इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या जुन्या फायली चाळून दाखवलं आहे की या ‘पॅसेंजर’ लोकांतले पुष्कळजण साधे कामगार होते. कुणी गोदीत हमाली करायचा, कुणी दुकानात नोकर होता, कुणी रस्त्यावर भाजी-फळं विकायचा. आपल्या कोकणातल्या लोकांना हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही. मुंबईच्या बंदरात आणि आगबोटींवर आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या काम करत होते. बोट जिथे जाते तिथे पोट भरेल, हा हिशोब त्यांना माहीत होता.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी किंबर्लीचे हिरे आणि जोहान्सबर्गचं सोनं यांमुळे त्या देशात पैसा खेळू लागला होता. १८९९ ते १९०२ या काळात इंग्रज आणि बोअर यांचं युद्ध झालं, तेव्हा केपटाउनच्या बंदराला माणसं हवी होती. खेड तालुक्यातलं कर्जी, माणगाव तालुक्यातलं मोर्बा अशा गावांमधून एकामागोमाग एक तरुण गेले. पहिला गेला त्याने भावाला बोलावलं, भावाने मेहुण्याला. डिस्ट्रिक्ट सिक्स, वुडस्टॉक, सॉल्ट रिव्हर, क्लेअरमाँट या वस्त्यांमध्ये एकेका खोलीत गावचे आठ-दहा जण राहू लागले. मुंबईच्या डोंगरी-भेंडीबाजारातल्या गावाच्या खोल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको.

केपटाउनमध्ये त्यांना एक गोष्ट अनपेक्षितपणे घरच्यासारखी मिळाली. तिथे आधीपासून मुसलमान होते. डच ईस्ट इंडिया कंपनीने इंडोनेशियाच्या बेटांवरून आणि बंगाल, कोरोमंडल, मलबारच्या किनाऱ्यांवरून गुलाम आणि राजकीय कैदी आणले होते, त्यांचे हे वंशज. त्यांना ‘केप मलय’ म्हणतात. ते शाफई. आणि भारतात बहुसंख्य मुसलमान हनफी असले तरी आपण कोकणीही शाफईच. अरबी समुद्राच्या व्यापाराने जो मसलक कोकणच्या किनाऱ्याला दिला, तोच पुढे जावा-सुमात्रापर्यंत पोचला होता. त्यामुळे खेडचा माणूस केपटाउनच्या मशिदीत उभा राहिला तेव्हा त्याला नमाजची रीत वेगळी वाटली नाही. भात आणि मासळी खाणाऱ्याला तिथलं जेवणही परकं वाटलं नसावं. अनेकांनी तिथल्या मलय मुलींशी निकाह केला. ही गोष्ट आपल्या गावांत फारशी मोकळेपणाने बोलली जात नाही. पुढे तिच्याकडे येणारच आहे.

दारावरचा पहारा

१९०२ साली केप वसाहतीने इमिग्रेशन कायदा केला. बाहेरून येणाऱ्याला कुठल्यातरी युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, अशी अट घातली. कायद्यात ‘हिंदी लोकांना बंदी’ असे शब्द नव्हते. भाषेची परीक्षा ठेवली की काम होत होतं. पूर्व युरोपातून येणाऱ्या ज्यू लोकांची भाषा यिद्दिश. ती हिब्रू लिपीत लिहितात, म्हणून सुरुवातीला तीही नाकारली जायची. ज्यू लोकांनी प्रयत्न केले आणि १९०६ च्या कायद्यात यिद्दिशला युरोपीय भाषा म्हणून मान्यता मिळाली. उर्दू, गुजराती, मराठी लिहू-वाचू शकणारा माणूस मात्र निरक्षरच ठरला. मी दोन भाषा शिकवते. माझ्या दोन्ही भाषा एका टेबलावर अशा शून्य ठरल्या होत्या, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

आधीपासून राहणाऱ्यांना गावी येऊन परत जायचं तर परमिट लागायचं. त्यावर फोटो, बोटांचे ठसे, शरीरावरच्या खुणा. मुदत संपायच्या आत परतलं नाही तर दार बंद. पुढे ठरलेली मुदत तीन वर्षांची. म्हणून केपचे लोक गावी यायचे ते हिशोबाने : लग्न, घराची शाकारणी, एखादं मूल, आणि मुदत संपायच्या आत पुन्हा बोट. गावात त्या काळी ‘केपवाला आला’ आणि ‘केपवाला गेला’ या दोन बातम्या असायच्या. ‘केपवाला राहिला’ अशी बातमी नसायची.

१९१० मध्ये चारही वसाहती एकत्र येऊन दक्षिण आफ्रिकेचा संघ झाला. १९१३ च्या कायद्याने नव्या हिंदी माणसाला प्रवेश जवळजवळ बंदच झाला. आत येऊ शकत होते ते फक्त आधीच तिथे स्थायिक झालेल्याची बायको आणि १६ वर्षांखालची मुलं. इथे ‘कुटुंब’ या शब्दाची सरकारी व्याख्या झाली. त्यात आई-बाप नाहीत, भाऊ नाही, पुतण्या नाही, विधवा बहीण नाही. आपल्याकडे चाचा म्हणजे दुसरा बाप आणि पुतण्या म्हणजे मुलगाच. ते त्या फॉर्ममध्ये बसत नव्हतं.

मग लोकांनी वाट काढली. पुतण्याला मुलगा म्हणून नेलं. धुपेलिया-मेस्त्री यांनी या ‘खोट्या बाप-लेकांवर’ एक अख्खा निबंध लिहिला आहे. अधिकाऱ्यांना संशय होताच. बापाला एका बाजूला, मुलाला दुसऱ्या बाजूला बसवून सवाल व्हायचे : घर कसं आहे, घरात कोण कोण आहे, काकाचं नाव काय, मावशी कुठल्या गावाला दिली. उत्तरं जुळली नाहीत तर पोरगं त्याच बोटीने परत. बोटीवरच्या दिवसांत मुलं आपल्याच नात्यांची उजळणी पाढ्यांसारखी करत असणार.

आमचे छोटे दादा, म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, असेच गेले. १४ वर्षांचे असताना, चाचांचा मुलगा म्हणून. केपटाउनच्या घरात त्यांचं जुनं परमिट फ्रेम करून लावलंय. बापाच्या रकान्यात चाचांचं नाव आहे. आमच्या पणजोबांचं नाव त्या घरातल्या एकाही सरकारी कागदावर नाही. तिथली मुलं सांगतात तो शजरा आणि आम्ही सांगतो तो शजरा इथेच एका पायरीने फुटतो. खोटं कुणी बोलत नाही. ते कागद वाचतात आणि आम्ही ऐकलेलं सांगतो, एवढाच फरक.

बाई मरियमचा खटला

बायकोचा प्रश्न आणखी अवघड होता. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती माल्कम सर्ल यांनी एक निकाल दिला. हसन ईसप नावाच्या माणसाची पत्नी बाई मरियम हिला देशात उतरू दिलं नव्हतं, त्याविरुद्ध अर्ज होता. न्यायमूर्तींनी तो फेटाळला. ज्या धर्मात एकापेक्षा जास्त बायका करायला मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न या देशाचा कायदा मानत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. हसन ईसपची ही एकच बायको होती, याने फरक पडला नाही. निकाह कायद्याच्या नजरेत निकाहच नव्हता. त्याच न्यायाने हिंदू आणि पारशी लग्नंही उडाली.

याचा परिणाम काय झाला ते शाळेच्या पुस्तकातही येतं, फक्त बाई मरियमचं नाव येत नाही. तोवर सत्याग्रहात पुरुषच होते. आता बायका उतरल्या, कारण प्रश्न त्यांच्या पत्नीपणाचा होता. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबा गांधी फिनिक्स आश्रमातल्या जथ्याबरोबर निघाल्या, विनापरवाना ट्रान्सवालची हद्द ओलांडताना पकडल्या गेल्या आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगून आल्या. खाणकामगारांचा संप, मोर्चा, अटकसत्र हे सगळं त्यानंतरचं. एका मुस्लिम बाईला बोटीतून उतरू दिलं नाही, ही त्या आंदोलनाच्या मुळाशी असलेली एक मोठी ठिणगी होती.

१९१४ च्या ‘इंडियन रिलीफ ॲक्ट’ने तडजोड झाली. हिंदी माणसाच्या एका बायकोला मान्यता मिळाली. एकाच.

ही ‘एकाच’ची अट कागदावर न्याय्य वाटते. प्रत्यक्षात तिने काय केलं ते आमच्या घरात पाहता येतं. छोटे दादा १९२० नंतर एकदा गावी आले, त्यांचा निकाह झाला, मुदत संपायच्या आत परत गेले. पुढे केपमध्ये त्यांनी एका मलय बाईशी निकाह केला, मुलं झाली. कायद्याला एकच बायको चालत होती आणि ती जागा आता भरली होती. गावातली बायको, जिला आम्ही बडी दादी म्हणायचो, ती आमच्याच घरात राहिली. सासू-सासऱ्यांना तिने शेवटपर्यंत पाहिलं. दीराची मुलं तिच्या मांडीवर वाढली. मनीऑर्डर यायची, मग ती यायची बंद झाली. ती किती वर्षांची होऊन गेली ते तिलाही माहीत नव्हतं. मी लहान होते तेव्हा ती अंगणात आमसुलं वाळत घालायची, एवढंच मला तिचं आठवतं.

याचा सगळा दोष परदेशी कायद्यावर टाकणं सोपं आहे, पण खरं नाही. धुपेलिया-मेस्त्री यांनीही हे लिहिलं आहे की कायदा परवानगी देत होता तेव्हाही पुष्कळ पुरुषांनी बायकांना नेलं नाही. घरी शेती होती, म्हातारे होते, खर्च होता, पडदा होता. आणि ठरवणारा पुरुषच होता. बायकोला विचारायची रीत नव्हती. कायद्याने दार अरुंद केलं, त्या अरुंद दारातून कोणाला न्यायचं हे मात्र आपल्याच माणसांनी ठरवलं. बडी दादीचं दुःख दोघांच्या खात्यावर आहे.

वाटा बंद होत गेल्या

१९२७ च्या केपटाउन करारानंतर नियम थोडे बदलले, पहारा राहिला. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेने हिंदी लोकांच्या जमीनहक्कांवर नवा घाला घातला, तेव्हा भारताने व्यापार तोडला आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला. अजून आपल्याला स्वातंत्र्यही मिळालं नव्हतं. वर्णद्वेषाविरुद्ध इतक्या लवकर उभा राहिलेला देश म्हणून आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असायला हवा. पुढे भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका सोडून इतर देशांसाठी वैध, अशी नोंद येऊ लागली. ज्यांची सख्खी माणसं तिथे होती, त्यांना या अभिमानाची किंमतही भरावी लागली. राजनैतिक संबंध पुन्हा सुरू झाले ते नोव्हेंबर १९९३ मध्ये.

तिकडच्या सरकारने १९५३ च्या दुरुस्तीने भारतातून बायको आणण्याचा हक्कच काढून घेतला. माझ्या मते कोकण आणि केप यांचं नातं इथे तुटलं. तोवर दर पिढीला गावाकडून एखादी नवरी जात होती. तिच्याबरोबर बोली जात होती, लग्नातली गाणी, कालवणाचा हात, गावातल्या भांडणांची बातमी जात होती. नवऱ्या जायच्या थांबल्या आणि नातं पत्रांवर आलं. पत्रं लिहिणारी पिढी गेली, तसं ते आठवणीवर आलं.

देशाच्या आतही फिरणं सोपं नव्हतं. हिंदी माणसाला एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जायला परमिट लागायचं, थेट १९७५ पर्यंत. ऑरेंज फ्री स्टेट प्रांतात हिंदी माणसाला राहायलाच बंदी होती, ती १९८६ मध्ये उठली. केपटाउनहून जोहान्सबर्ग साधारण १४०० किलोमीटर आणि मध्ये हाच प्रांत. म्हणजे बहिणीकडे ईस्टरच्या सुट्टीत जायचं तर आधी सरकारी ऑफिसात जाऊन कारण सांगायचं, आणि वाटेत मुक्कामाचा विचार करायचा नाही. समुद्रकिनारेही कातडीच्या रंगानुसार वाटलेले होते.

मग घरंच गेली. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली. १९८० च्या दशकापर्यंत तिथून ६० हजारांहून जास्त माणसं हलवली गेली. बुलडोझरने घरं पाडली, मशिदी मात्र उभ्या राहिल्या. हिंदी लोकांना रायलँड्स आणि क्रेव्हनबी या भागांत जागा नेमून दिल्या, मलय आणि ‘कलर्ड’ ठरवलेल्यांना केप फ्लॅट्सच्या वाळूत. छोट्या दादांचं घर मिश्र होतं. नवऱ्याचा गट एक, बायकोच्या माहेरचा गट दुसरा. पूर्वी एका गल्लीत राहणारी माणसं एकमेकांपासून मैलोन्‌मैल दूर गेली. १९९४ मध्ये तिथे डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम उघडलं. त्याच्या जमिनीवर जुन्या वस्तीचा मोठा नकाशा अंथरला आहे. माजी रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी नावं लिहिली आहेत. माझा चुलत भाऊ त्या नकाशावर चपला काढून उभा राहिला.

चार दिवस

मार्चअखेरीस रजा मागणाऱ्या शिक्षिकेकडे मुख्याध्यापक कसे पाहतात ते शिक्षकांना सांगायला नको. तरी मिळाली. २०१८ चा गुड फ्रायडे ३० मार्चला होता. मुंबईहून केपटाउनला थेट विमान नाही, मध्ये एकदा बदलावं लागतं. पूर्वी मुंबईची आगबोट मोंबासा, झांझिबार, दार-ए-सलाम करत आठवड्यांनी डर्बनला पोचायची. आता घरातून निघाल्यापासून दीड दिवसात मी दाराशी होते.

केपटाउनमध्ये त्या वर्षी पाण्याचं संकट होतं. १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटर पाणी, त्यापेक्षा जास्त वापरायचं नाही. आंघोळ बादलीत उभं राहून, तेच पाणी संडासला. वजूसाठी छोटा तांब्या. घरातली मुलं हे मला संकोचून समजावत होती. एप्रिल-मे महिन्यात आमच्या गावची विहीर तळाला जाते आणि टँकर येतो, हे मी सांगितलं तेव्हा ती मोकळी झाली.

गुड फ्रायडे हा शुक्रवारच असतो, त्यामुळे तिथल्या मुसलमानांना जुम्याची सुट्टी वर्षातून एकदा हमखास मिळते. त्या देशात ईदची सरकारी सुट्टी नाही. आपल्याकडे आहे, आणि आपण ती गृहीत धरतो. शतकानुशतके ख्रिस्ती मालकांच्या कॅलेंडरने चालल्यामुळे केपच्या मुसलमानांनी ईस्टरची सुट्टीच आपल्या भेटीगाठींची केली. जेवणही तसंच. ‘पिकल्ड फिश’ म्हणून एक पदार्थ या दिवसांत घरोघरी होतो : तळलेले मासे, वर कांदा, व्हिनेगर, हळद, मसाला, आणि दोन-तीन दिवस मुरवून थंडच खायचे. मूळ सण ख्रिश्चनांचा, हात मलय स्वयंपाकिणींचा, खाणारे सगळेच. शेजारी ‘डाल्तजी’ ठेवली होती. तोंडात टाकल्यावर कळलं, ही तर आपली कांदाभजी. लोणच्याला तिथे ‘अत्चार’ म्हणतात.

रविवारी आम्ही मकासरला गेलो, शेख युसुफ यांच्या दर्ग्यावर. तिथे दर्ग्याला ‘क्रमत’ म्हणतात, आपल्या ‘करामत’वरून. शेख युसुफ इंडोनेशियातल्या मकासरचे विद्वान सूफी. डचांविरुद्ध लढले, पकडले गेले आणि १६९४ मध्ये ४९ जणांच्या काफिल्यासह केपला हद्दपार झाले. शहरापासून लांब ठेवायचं म्हणून त्यांना या वाळूच्या टेकड्यांत ठेवलं, आणि जागेचं नाव त्यांच्या मायदेशावरून पडलं. १६९९ मध्ये ते वारले. आजची कबरीवरची इमारत भारतातून गेलेले व्यापारी हाजी सुलेमान शाहमहंमद यांनी १९२५ साली बांधून घेतली. ईस्टरच्या दिवसांत इथे कुटुंबंच्या कुटुंबं तंबू ठोकून राहतात. फातिहा, चहा, क्रिकेट, पोरांचा गोंगाट. हद्दपार माणसाच्या कबरीभोवती इतकी माणसं आपापली नाती घेऊन जमतात, हे पाहून मला आपल्याकडचे उरूस आठवले.

सोमवारी, म्हणजे फॅमिली डेला, दुपारचं जेवण चाचींकडे होतं. चाची ८५ वर्षांच्या. छोट्या दादांच्या मुलाशी लग्न होऊन १९५० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, आमच्या शेजारच्या गावातून गेल्या. दार बंद व्हायच्या आधी गेलेल्या शेवटच्या नवऱ्यांपैकी एक. घरात सगळे इंग्रजी बोलत होते, मोठी माणसं मध्येच आफ्रिकान्स. चाचींनी माझा हात धरला आणि विचारलं, “कवा आयलास?” नातवंडं आमच्याकडे बघतच राहिली. आजीची ही भाषा त्यांनी ऐकली होती, पण तिला कुणी उत्तर देताना पाहिलं नव्हतं.

मी बडी दादीबद्दल विचारलं. तिथे तिच्याबद्दल कुणाला माहीत आहे का, हेच मला जाणून घ्यायचं होतं. चाचींना माहीत होतं. त्या म्हणाल्या, निघायच्या आधी त्या आमच्या घरी सलाम करायला आल्या होत्या. बडी दादीने त्यांच्या हातात आमसुलांची पुरचुंडी दिली आणि सांगितलं, तिकडे कुणाकडून आली ते सांगू नकोस. त्यांनी सांगितलं नाही. सासरे त्या दिवशीचं कालवण खाऊन काही बोलले नाहीत, पण पुन्हा भात मागितला. ही गोष्ट चाचींनी ६८ वर्षं कुणाला सांगितली नव्हती. जेवणाच्या टेबलावर छोट्या दादांची मलय बायकोकडून झालेली नातवंडं बसली होती. त्यांच्यातली एक, वकिली शिकणारी मुलगी, उठून गेली आणि वही घेऊन आली. बडी दादीचं नाव काय, तिने विचारलं. मी सांगितलं. तिने ते त्यांच्या शजऱ्यात छोट्या दादांच्या नावाशेजारी लिहिलं.

कायदा कुठे पोचला

१९१३ चा सर्ल निकाल किती काळ जिवंत राहावा? १९१४ च्या तडजोडीने प्रवेशाचा प्रश्न सोडवला, लग्नाचा नाही. फक्त निकाह झालेली बाई त्या देशात विसाव्या शतकभर कायद्याने पत्नी नव्हती. नवरा वारला तर वारसाहक्क नाही, तलाक झाला तर कोर्टाचं संरक्षण नाही. २००४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाह झालेल्या विधवेला वारसाहक्क दिला. २००९ मध्ये तोच हक्क एकापेक्षा जास्त पत्नी असलेल्या घरातल्या विधवांनाही मिळाला. २०१४ मध्ये शंभराहून अधिक इमामांना सरकारी विवाह अधिकारी नेमलं गेलं. आणि २८ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने निर्णय दिला की मुस्लिम विवाहांना मान्यता न देणारे विवाह आणि घटस्फोटाचे कायदे घटनेशी विसंगत आहेत. २०२४ मध्ये घटस्फोटाच्या कायद्यात दुरुस्तीही झाली. हा लढा स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने कोर्टात नेला होता. बाई मरियमपासून इथपर्यंत १०९ वर्षं.

लक्षात घ्या, २००९ चा निकाल १९१४ च्या ‘एकाच’ला उत्तर देतो. नवऱ्याने काय केलं याची शिक्षा बायकोला देऊ नका, एवढंच तो म्हणतो. असा कायदा त्या काळी असता तर बडी दादीचा निदान एक हक्क कागदावर राहिला असता.

हे सगळं जुनं झालं असं म्हणता येत नाही. आज कोकणातल्या घरांतला माणूस कुवेत, दुबई, कतारला आहे. तिथे फॅमिली व्हिसा मिळतो तो ठरावीक पगार असेल तर, आणि बहुधा बायको-मुलांपुरताच. पगार कमी असेल तर बायको गावात. व्हिडिओ कॉल आहे, विमान आहे, पण घरात कोण राहील आणि कोण जाईल हे अजूनही एक फॉर्म आणि एक पुरुष मिळून ठरवतात. आपल्या गावातल्या किती घरांत आज एकेक बडी दादी बसली आहे, ते आपापल्या गल्लीत मोजून पाहा.

शेवटी एक विनंती. केप, डर्बन, मोंबासा, रंगून, कुवेत, कुठेही आपलं माणूस गेलं असेल तर घरातल्या पेट्या उघडा. जुनी परमिटं, पासपोर्ट, मनीऑर्डरच्या पावत्या, पत्रं, फोटो जे मिळेल त्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फोटोतल्या माणसांची नावं आजच मागे लिहा. आणि घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल, विशेषतः बाई असेल, तर पुढच्या सुट्टीत तिच्याजवळ बसून विचारा, कोण गेलं होतं आणि कोण राहिलं होतं. गेलेल्यांच्या फायली केपटाउनच्या सरकारी दफ्तरात सापडतात. राहिलेल्यांची फाइल कुठल्याच दफ्तरात नाही.